सुपातला खडा आणि डोळ्यातली चाळण

आज शक्य असेल तर सूप जवळ घेऊन बसा. त्यात दोन मुठी तांदूळ पसरा. एक काळा खडा टाका आणि तेवढाच एक पांढरा खडा टाका. काळा खडा शोधावा लागत नाही, तो आपणहून पुढे येतो. पांढरा खडाही तिथंच असतो, आकार तोच, उजेड तोच. तरी तो हाताला लागत नाही. शेवटी कुणाच्या तरी दाताखाली सापडतो आणि बोलणी बसतात निवडणारीला.

आजचं बोलणं या दोन खड्यांचं आहे. एक दिसतो आणि दुसरा का दिसत नाही, हे माणसाला कसं कळत गेलं, त्याचा हा इतिहास. तो ऐकल्यावर घरातल्या म्हाताऱ्या बाईला "लक्ष कुठं असतं तुमचं?" असं म्हणण्याआधी आपण थोडं थांबू, अशी आमची आशा आहे.

सुरुवात घोडबंदर रोडपासून करू. ठाण्याच्या माजिवड्याकडून निघालं की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा आणि मग गायमुखचा घाट. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी. आज इथं उंच इमारती आणि मेट्रोचे खांब आहेत. पण गावांच्या नावांत पाडा आहे, वाघ आहे. डोंगराच्या बाजूला वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांचे पाडे अजून आहेत. डोळ्याच्या इतिहासाचं पहिलं पान आपल्याला वारल्यांच्या भिंतीवरच सापडतं.

वारली घराची भिंत कारवीच्या काड्यांची, वरून माती आणि शेण लिंपलेली. तिच्यावर गेरूचा हात. आत उजेड थोडा, खिडकी असली तर लहानशी. अशा घरात लग्न निघालं की सवासिनी भिंतीवर चौक काढायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, तोच कुंचला. चौकाच्या मध्ये पालघट देवी, कडेनं बारीक नागमोडी आणि त्रिकोणी रेघांच्या ओळी. धवलेरी गाणी म्हणायची. हे काम बायांचं होतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणू-तलासरीच्या बाजूला कागद घेऊन पोचले आणि ही कला भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी पिढ्यान् पिढ्या ही रेघ बायांच्या हातात होती.

आता त्या भिंतीसमोर उभ्या राहा. दारातून पाहिलं तर चौकाची कड एक फिकट पांढरा पट्टा वाटते. चार पावलं पुढं गेलं की त्या पट्ट्यात एकेक रेघ सुटी होते. रेघा पहिल्यापासून होत्याच, पण लांबून बारीक रेघा एकमेकींत मिसळून जातात आणि मोठा आकार तेवढा उरतो. दुसरी गोष्ट, हीच पांढरी रेघ चुन्यानं सारवलेल्या भिंतीवर काढली असती तर? काहीच दिसलं नसतं. म्हणजे नक्षी दिसायला दोन गोष्टी लागतात. एक, ती पुरेशी मोठी हवी. दोन, मागच्या रंगापासून ती वेगळी उठायला हवी. हे दोन्ही हिशोब चौक काढणाऱ्या बायांच्या हातात होते. शास्त्रज्ञांना ते आकड्यांत मांडायला 20वं शतक उजाडावं लागलं.

शास्त्राच्या बाजूची एक सुरुवात रंगाऱ्यांकडे झाली. फ्रान्स देशात पॅरिसला गोब्लँ नावाचा नामांकित कारखाना होता. तिथं लोकर रंगवून भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत. 1824 साली मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रार आली, की आपला काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्याजवळ विणला की त्याला तेज राहत नाही. शेव्रल यांनी दुसऱ्या कारखान्यांतली काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळं काळा वेगळा दिसत होता. 1839 साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ छापला. साडीच्या दुकानात आपण पदर काठाशेजारी धरून पाहतो, एकट्या रंगावर विश्वास ठेवत नाही, तो याच कारणानं. डोळा कोणताही रंग एकट्यानं पाहत नाही, शेजाऱ्याशी जोडून पाहतो.

याचा पुरावा रोज घरात असतो. भर दुपारी अंगणात ठेवलेला कोळसा आणि रात्री दिव्याच्या उजेडात ठेवलेला पांढरा कागद यांची तुलना करा. उन्हातला कोळसा डोळ्याकडे त्या कागदापेक्षा कितीतरी जास्त उजेड पाठवतो. तरी कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढराच. कारण डोळा उजेड मोजत बसत नाही. तो फरक पाहतो, आसपासच्या मानानं ही जागा उजळ की काळोखी, एवढंच विचारतो.

डोळा हे करतो कसा? अमेरिकेत हाल्डन हार्टलाइन नावाचे शास्त्रज्ञ घोड्याच्या नालेसारखं कवच असलेल्या एका समुद्री प्राण्याचा डोळा तपासत होते. त्या डोळ्याचे कप्पे मोठे असतात, म्हणून एकेका कप्प्याचा निरोप वेगळा ऐकता येतो. त्यांना दिसलं, की एका कप्प्यावर उजेड पाडला की तो जोरात निरोप धाडतो. पण शेजारच्यावरही उजेड पाडला तर पहिल्याचा आवाज कमी होतो. शेजारी शेजाऱ्याला दाबतो. या कामासाठी 1967 साली त्यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

आपल्या गटाच्या बैठकीवरून हे सोपं समजेल. सगळ्याजणी एका मताच्या असल्या तर गलका होत नाही, ठराव मुकाट्यानं होतो. जिथं दोन मतांच्या बाया शेजारी बसतात तिथं आवाज चढतो. डोळ्यातही सपाट पांढऱ्या भिंतीवर सगळे कप्पे एकमेकांना गप्प बसवतात. पांढरं संपून गेरू सुरू होतो त्या सीमेवर आवाज चढतो. मेंदूला मुख्य बातमी पोचते ती कडेची. मांजराच्या डोळ्यातही असाच शेजाऱ्यांचा खेळ चालतो, हे स्टीफन कफलर यांनी 1953 साली दाखवलं.

ही बातमी मेंदूत गेल्यावर पुढं काय होतं, ते एका चुकीतून उलगडलं. 1958 साली अमेरिकेत बाल्टिमोर इथं डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल हे दोघे मांजराच्या मेंदूतल्या पेशींचा आवाज ऐकत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका काढून तो पडद्यावर दाखवत होते. पेशी ठिपक्याला काही केल्या दाद देईना. एकदा पट्टी सरकवताना अचानक ती कडकडून बोलू लागली. शोधल्यावर कळलं, की ठिपक्याचा काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून सरकली होती आणि पेशीला ती रेघ हवी होती, तीही एका ठरावीक तिरकेपणाची. कुणी पेशी उभ्या रेघेची, कुणी आडव्या, कुणी तिरप्या. 1981 साली दोघांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. वारली चित्रातला माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि चार-सहा रेघा. तो आपल्याला लगेच ओळखू का येतो, याचा एक धागा इथं सापडतो. आपला मेंदू जे आधी वेचतो, तेच त्या बायांनी भिंतीवर ठेवलं होतं.

आता चाळणीकडे येऊ. घरात एकच चाळण असून भागत नाही. गव्हाची वेगळी, रव्याची वेगळी, पिठाची त्याहून बारीक. 1956 साली टीव्हीच्या कारखान्यात काम करणारे ऑटो शेड या अभियंत्यानं पुसट उजळ-काळ्या पट्ट्या दाखवून माणसाच्या डोळ्याची परीक्षा मोजून मांडली. पट्ट्या रुंद, मध्यम, बारीक अशा घ्यायच्या आणि प्रत्येक रुंदीला किती पुसट पट्टी ओळखू येते ते पाहायचं. निघालं असं, की मध्यम पट्ट्यांना डोळा सगळ्यात तेज असतो. हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या रुंदीत सहा-आठ काळ्या-पांढऱ्या जोड्या मावतील, साधारण अशा पट्ट्या. चांगल्या उजेडात निरोगी डोळा त्यांच्यातला शंभरात एक भाग एवढासा फरकही ओळखतो. त्याहून बारीक किंवा खूप रुंद पट्ट्यांना फरक जास्त लागतो.

1968 साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या फर्गस कॅम्पबेल आणि जॉन रॉबसन यांनी मांडलं, की आपल्या नजरेत एकच चाळण नाही. जाड, मध्यम, बारीक अशा अनेक चाळण्या आहेत आणि प्रत्येक आपापल्या आकाराची नक्षी वेचते. पुढच्याच वर्षी कॅम्पबेल आणि कॉलिन ब्लेकमोर यांनी याला पक्का आधार दिला. एका रुंदीच्या पट्ट्यांकडे बराच वेळ टक लावली की त्याच रुंदीच्या पुसट पट्ट्या काही काळ दिसेनाशा होतात. त्याहून खूप बारीक किंवा खूप जाड मात्र पहिल्यासारख्याच दिसतात. एक चाळण थकली, बाकीच्या ताज्या राहिल्या. चौक दारातून पट्टा आणि जवळून रेघ दिसतो, यामागंही चाळणीचाच हिशोब आहे. लांबून बारीक चाळणीला काही लागत नाही, जाडीला लागतं.

या चाळण्यांना चकवणारा वाघबीळच्या मागच्या डोंगरातच राहतो. बिबट्या. वाळक्या पानांवर उन्हाचे कवडसे पडतात, तशीच त्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं. डोळा कड शोधतो, पण ठिपके त्या कडेचे तुकडे करतात, मग अंग कुठं संपलं आणि पाला कुठं सुरू झाला हेच कळत नाही. तांदळातल्या पांढऱ्या खड्याचीच ही युक्ती. दोन बिबट्यांची फुलं कधी सारखी नसतात. म्हणून राष्ट्रीय उद्यानात अभ्यासक जंगलात कॅमेरे लावतात आणि ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखतात. वारल्यांनी या शेजाऱ्याला वाघोबा म्हणून देव मानलं. न दिसणाऱ्या शेजाऱ्याचा मान राखावा, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोळे तपासायला गेलो की भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. हा तक्ता हॉलंडच्या हर्मन स्नेलेन यांनी 1862 साली काढला. वरचं अक्षर मोठं, खाली खाली लहान. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ई अक्षराची तोंडं उजवी, डावी, वर, खाली फिरवलेला तक्ता असतो. हा तक्ता फार कामाचा आहे, चष्म्याचा नंबर त्यावरूनच पाहतात. पण तो एकच प्रश्न विचारतो, किती लहान दिसतं? त्यातलं प्रत्येक अक्षर पांढऱ्यावर गडद काळं असतं. तो काळ्या खड्याची परीक्षा घेतो. पांढऱ्या खड्याची घेत नाही.

ती घेणारा तक्ता 1988 साली आला. डेनिस पेली, जॉन रॉबसन आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची. तीन-तीन अक्षरांचे गट, आणि प्रत्येक गट आधीच्याहून पुसट. शेवटी अक्षर कागदात विरून जातं. मधल्या काळात बारीक अक्षरं वाचणारी, पण पुसट न दिसणारी माणसं डॉक्टरांना भेटतच होती. सुरुवातीचा मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहानं बिघडलेला पडदा, यांत असं होऊ शकतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धूसर होतं, आत येणारा उजेड विखुरतो आणि सगळ्या चित्रावर त्याचा पातळ थर बसतो. काळं करडं होतं, करडं नाहीसं होतं. समोरून गाडीचा दिवा आला की हा थर आणखी दाट होतो.

म्हणून संध्याकाळी घोडबंदर रोडसारखा रस्ता ओलांडताना एखादी म्हातारी थबकते. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरला की त्याची सावली जाते आणि खड्डा, डांबर दोन्ही एकसारखे चमकतात. रस्ता ओलांडायचे काळे-पांढरे पट्टे 1951 साली ब्रिटनमध्ये आले, ते याच हिशोबावर. त्याआधीच्या खुणा चालकाला लांबून नीट दिसत नव्हत्या. मग वेगवेगळ्या रंगांचे पट्टे आखून पाहिले आणि शेवटी काळा-पांढरा ठरला. पण पट्ट्यांवर धूळ बसली, रंग झिजला, की पट्टे रस्त्यावर असूनही डोळ्याला नसल्यासारखे होतात. ग्रामसभेत किंवा वॉर्डात पट्टे पुन्हा रंगवा अशी मागणी करताना हे सांगायला हवं. हे काम शोभेचं नाही, जिवाचं आहे.

घरातल्या खुणा मात्र आपल्यालाच वाचायच्या आहेत. सासूबाईंच्या निवडलेल्या तांदळात खडे यायला लागले. चहा कपाच्या कडेवरून सांडतो. शेवटच्या पायरीवर पाय अडखळतो. आजीनं रांगोळी काढणं सोडलं. विचारलं तर म्हणते, कंबर दुखते. दुखतही असेल. पण कदाचित तिला फरशीवर पांढरी रेघ दिसत नसेल आणि ते सांगायची तिला लाज वाटत असेल. बाई स्वतःच्या डोळ्यांची तक्रार सगळ्यात शेवटी करते, आणि घरही ती सगळ्यात शेवटी ऐकतं.

अशा वेळी डॉक्टरांना नुसतं "दिसत नाही" म्हणू नका. नेमकं सांगा, की अक्षर वाचता येतं पण पायरीची कड कळत नाही, पांढरा खडा सापडत नाही, समोरच्या दिव्यानं सगळं पुसलं जातं. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, ही जुनी समजूत सोडून द्या, आजच्या शस्त्रक्रियेला त्याची गरज नाही. आपल्या देशानं 1976 साली अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. आणि प्रत्येक धूसरपणा मोतीबिंदू नसतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. म्हणून उशीर नको.

तान्ह्या बाळाचंही असंच. बाळाला पुसट दिसत नाही, ठळक दिसतं. म्हणून ते आईच्या केसांच्या रेघेकडे, पाळण्यावर टांगलेल्या रंगीत चिमण्यांकडे टक लावतं. बाळाला अक्षरं कशी विचारणार? अमेरिकेतल्या डेव्हिडा टेलर या बाईंनी त्यावर सोपी तोड काढली. करड्या कार्डाच्या एका बाजूला काळे-पांढरे पट्टे छापायचे. बाळ पट्ट्यांकडे वळून पाहतं, म्हणजे त्याला ते दिसतात. पट्टे बारीक करत जायचं. बाळ तोंडानं सांगत नाही, पण मान वळवून उत्तर देतं. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर वाट पाहू नका. लहानपणी डोळ्यात नीट चित्र पोचलं नाही तर मेंदूच्या चाळण्या तयारच होत नाहीत, हेही ह्यूबेल-विझेल यांच्या पुढच्या कामातून कळलं.

शेवटी घरातच करता येण्यासारखं. पायरीच्या आणि उंबरठ्याच्या कडेला चुन्याचा किंवा रंगाचा ठळक पट्टा ओढा. गेरूवर पांढरा, पांढऱ्या फरशीवर गडद. म्हाताऱ्या माणसाला भात गडद ताटात वाढा, दूध गडद पेल्यात आणि काळा चहा पांढऱ्या कपात. तांदूळ निवडायला द्यायचे तर खिडकीशी, उजेड पाठीमागून येईल असं बसवा. नवा पैसा न घालता नजर थोडी परत मिळते.

चौक काढणाऱ्या बायांनी अंधाऱ्या घरात हेच केलं होतं. आधी भिंत गेरूनं गडद केली, मग पांढरी रेघ ओढली. आता सूप उचला आणि तो पांढरा खडा शोधा. सापडला नाही तर सुपाला दोष देऊ नका, आणि निवडणारीलाही.